अण्णाच्या बांधाला वळसा

शिवकुमार निडवंचे यांना गाडीची काहीएक गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लातुरात ते ज्या कॉलेजात ग्रंथपाल आहेत ते त्यांच्या घरापासून इतकं जवळ, की घरी कुकरची शिट्टी झाली तर वाचनालयात ऐकू यावी. बाकी कामाला स्कूटर होती. तरीही एका पावसाळ्यात या गृहस्थानं भविष्य निर्वाह निधीला हात घातला आणि जुनी का होईना, फोर बाय फोर जीप घेतली. चारी चाकांना जोर असणारी. डोंगरात, वाळवंटात आणि सरहद्दीवर लागते तशी. लातुरात डोंगर नाही, वाळवंट फक्त उन्हाळ्यापुरतं असतं, आणि सरहद्द म्हणाल तर देवणीच्या पुढं कर्नाटकाची. सरांना जायचं होतं ते तिकडंच, पण सरहद्दीच्या अलीकडं. त्यांना स्वतःच्या शेतात जायचं होतं.

आता स्वतःच्या शेतात जायला जीप कशाला लागावी? तर मध्ये थोरल्या भावाचं शेत होतं.

देवणीच्या पुढं होनाळवाडी नावाचं गाव आहे. तिथं रस्त्याला लागून वीरण्णाचं रान आणि त्याच्या पाठीमागं शिवकुमारचं. वडील शिवप्पा, म्हणजे घरातले अप्पा, गेले तेव्हा त्यांना मागच्या तुकड्यात समाधी दिली. निडवंच्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, बसवून, आपल्याच मातीत ठेवतात. पुढं वाटणी झाली आणि समाधीचा तुकडा धाकट्याकडे आला. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. मग बांधावरच्या एका चिंचेच्या झाडावरून दोघे भाऊ भांडले. चिंचा कुणाच्या, सावली कुणाची, मुळं कुणाच्या रानात, असं पंचांपुढं दिवसभर चाललं आणि शेवटी शिवकुमारनं गावच्या मठातल्या स्वामींपुढच्या विभूतीला हात लावून सांगितलं, "अण्णा, आजपासून तुझ्या रानात पाय ठेवला तर मी अप्पाचा न्हाई." ते झाड नंतर एका वादळात पडलं. भांडण मात्र उभं राहिलं.

तेव्हापासून सर आपल्या रानात जायचे ते मागच्या बाजूनं, ओढ्यातून वळसा घालून. उन्हाळ्यात ओढा म्हणजे नुसती वाळू, चालत गेलं तरी चालतं. तेव्हाही सर ओढ्याकडच्या टोकालाच थांबायचे; समाधी पार अण्णाच्या बांधाला लागून, तिला लांबूनच हात जोडायचे. पावसाळ्यात तो रस्ता नसतोच. काळ्या रानातला चिखल आधी चप्पल मागून घेतो, मग पाय. रान बटईनं दिलेलं, त्यामुळं चार महिने तिकडं न गेल्यानं काही अडत नव्हतं. एकच गोष्ट अडायची. अप्पांची पुण्यतिथी भादव्यात यायची, आणि दरवर्षी ती लातुरात, फोटोपुढं व्हायची. बोलाचाल बंद होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. तितक्याच पुण्यतिथ्या फोटोपुढं झाल्या.

अम्मा म्हणजे शरणम्मा, दोघांची आई, आधी गावी वीरण्णाकडेच असायची. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडली, खुब्यात पट्टी बसवावी लागली, आणि दवाखान्याच्या सोयीसाठी ती धाकट्याकडे लातुरात आली. पंचमीच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "शिवू, औंदा अप्पाच्या दिवसाला मला समाधीवर न्ये. पुढल्या सालाचं मी काई सांगत न्हाई."

"नेतो की अम्मा. दसऱ्यानंतर रस्ता वाळला की—"

"दिवसाला न्ये म्हणायली मी. आन् तूच न्ये. हे बग, वीरण्णानं तिथं…"

सर उठून हात धुवायला गेले. ‘वीरण्णानं तिथं’ इथपर्यंतचं वाक्य अम्मानं या घरात कितीतरी वेळा सुरू केलं होतं आणि एकदाही पुरं झालं नव्हतं. भावाचं नाव निघालं की सरांना हात तरी धुवायचे असत, नाहीतर टीव्हीचा आवाज मोठा करायचा असे. त्या दिवशी दोन्ही झालं.

पण अम्माचे ‘पुढल्या सालाचं सांगत न्हाई’ हे शब्द काही नळाच्या पाण्यानं वाहून गेले नाहीत. डॉक्टरही मागच्या खेपेला तपासून झाल्यावर चष्मा पुसत बसले होते, आणि डॉक्टर चष्मा पुसायला लागला की काय समजायचं ते सरांना समजत होतं. आईला समाधीवर न्यायचं होतं, भादव्यातच न्यायचं होतं, आणि अण्णाच्या रानातून न्यायचं नव्हतं. ट्रॅक्टरवर खुब्यात पट्टी घातलेली म्हातारी चढणार नाही. बैलगाडीचे धक्के तिला सोसणार नाहीत. उरलं काय?

"फोर बाय फोर," शेजारचे लिंबाजीराव म्हणाले. लिंबाजीराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात सायकलीपलीकडे वाहन घेतलं नव्हतं, त्यामुळं सर्व वाहनांबद्दल त्यांचं मत स्वच्छ आणि अनुभवानं न डागाळलेलं होतं. "सर, साधी कार घेताव तर फसताव. फोर बाय फोर घ्या. चिखल बघून ती गाडी हसती."

सरांच्या पत्नी महानंदाबाई तिथंच भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशात भाऊजींना जन्मभर फोन करता येईल."

यावर दोन्ही पुरुषांनी, बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, अशा अर्थानं एकमेकांकडे पाहिलं.

बजेटात बसणारी जीप लातुरात मिळेना. मिळाली ती नांदेडात. मालक ग्यानोबा, लोह्याकडचा, रस्त्याच्या कामांचा ठेकेदार. पारख करायला कुणीतरी जाणतं माणूस सोबत हवं, म्हणून सरांनी अम्माचे भाऊ सिद्रामप्पामामा यांना घेतलं. देवणीच्या बाजारात जनावर पारखण्यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. गोऱ्ह्याचे दात, खूर, खांदा, अंगावरचा केसांचा भोवरा, सगळं ते एका नजरेत सांगत.

"पण मामा, ही जीप हाय," सर बसमध्ये म्हणाले.

"चार पायाचंच हाय की," मामा म्हणाले आणि अहमदपूरपर्यंत झोपले.

नांदेडात मामांनी जीपभोवती दोन चकरा मारल्या. मागच्या अंगाला थाप मारली. पुढं येऊन जाळीत डोकावले, बहुधा दात बघायला. चाकं एकेक करून पायानं ढकलून पाहिली, मग थोडं लांब उभं राहून ती चालताना लंगडते का ते बघितलं. डाव्या दारावर एक खड्डा होता, तो बोटानं चाचपून म्हणाले, "भोवरा हाय. पर शुभ जागेला हाय." ग्यानोबानंही माळेगावच्या जत्रेत बरीच जनावरं घेतली-विकली होती. त्यानं ओळखलं, गिऱ्हाईक आपल्याच जातकुळीचं आहे.

"मामा, इकायला मन न्हाई बगा," तो म्हणाला. "घरच्यावानी सांभाळली. लगीनसराईत वरातीला गेली, इलेक्शनात फिरली, कधी हंबरली न्हाई."

मग त्यानं सरांना शेजारी बसवून मोकळ्या मैदानात फेरी मारली, गिअरच्या बाजूचा छोटा दांडा ओढून दाखवला आणि म्हणाला, "ही झाली फोर बाय फोर." कोरड्या मैदानात दोन चाकं ओढतायत का चार, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सरांना कळलं. त्यांनी मान हलवली. ग्यानोबा पुढं दांडा ओढायच्या आधी खाली उतरून काय करायचं ते सांगू लागला, तेव्हा सर म्हणाले, "माहितीय, माहितीय." त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. ज्या माणसाच्या ताब्यात चौदा खंडांचा ज्ञानकोश आहे, त्यानं लोह्याच्या ठेकेदारापुढं ‘मला माहीत नाही’ कसं म्हणावं?

सौदा मात्र सरांच्या हातात राहिला नाही, तो मामांच्या हातात गेला आणि तोही टॉवेलाखाली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एका कपड्याखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. मामांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला, ग्यानोबानं आत हात घातला. दोघांचे चेहरे देवळात बसल्यासारखे झाले. सर बाजूला उभे. त्यांच्याच निधीचा सौदा त्यांच्यापासून फडक्याखाली झाकून चालला होता. एकदा मामांनी भुवई वर केली, एकदा ग्यानोबानं सुस्कारा टाकला, आणि मामांनी एकदम टॉवेल झटकून "साकु!" म्हटलं. साकु म्हणजे कानडीत पुरे. सौदा झाला.

झाला, पण मामांच्या हिशोबात बोटाच्या एका पेराची जी किंमत होती त्याच्या दुप्पट ग्यानोबाच्या हिशोबात होती. हे पैसे मोजताना उघड झालं. सर मागं फिरू म्हणाले तर मामांनी त्यांना कोपऱ्यात नेलं. "शिवू, टावेलाखालची जबान हाय. ती फिरवली तर उद्या देवणीच्या बाजारात मला कुणी शेळी बी इकायचं न्हाई." मामांची बाजारातली अब्रू वाचवायला सरांनी फोन करून महानंदाबाईंची मुदत ठेव मोडायला लावली. त्या फोनवर एकच शब्द बोलल्या, "बरं." तो शब्द सर अजून विसरलेले नाहीत.

येताना अहमदपूरला चहासाठी थांबले आणि निघताना गाडी मागं घेतली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जीप रिव्हर्स गिअरला टाकली की सनई वाजायची. वरातीच्या दिवसांतली सोय. हॉटेलातले लोक नवरा-नवरी बघायला बाहेर आले आणि त्यांना सर आणि सिद्रामप्पामामा दिसले.

मग कागदपत्रं. गाडी ग्यानोबाची होती, पण कागदावर ती अजून त्याच्याही आधीच्या मालकाची होती, आणि तो लोह्यातून उठून हैदराबादेकडे कुठं गेला होता. त्याला शोधला. त्याची सही आणली. मग एजंट म्हणाला, चेसिसवरचा नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून आणा. नंबर गाडीच्या पोटाखाली, रंगाच्या चार थरांखाली आणि त्यावर वरातीतल्या हळदकुंकवाखाली होता. सर पोतं अंथरून गाडीखाली उताणे झाले. त्याच वेळी बाहेरून आवाज आला, "सर, पुस्तक जमा करायचं होतं." सरांनी गाडीखालून हात बाहेर काढून पुस्तक घेतलं आणि उशीर झाल्याचा दंडही सांगितला. प्रतिष्ठा ही अशीच जपावी लागते, पडल्या पडल्या. नंबर पुसट आला. एजंट म्हणाला, पुन्हा आणा. सर पुन्हा उताणे झाले.

या सगळ्यात पंधरवडे गेले आणि भादवा लागला. कागद व्हायचे ते झाले. आता एकच उरलं होतं. अम्मा जीपमध्ये चढेना. जीप उंच, अम्मा एवढीशी. प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्यावर पाट ठेवला, महानंदाबाईंनी पुढून हात दिले, सरांनी मागून आधार दिला, लिंबाजीरावांनी सूचना दिल्या. अम्मा अर्ध्यात पोचली आणि तिला हसू आलं. पडल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिची पकड सुटायची, पुन्हा खाली यायची, पुन्हा हसायची. "शिवू, अरे हत्तीवर बसवायलास का मला!" सरांच्या पाठीत उसण भरली होती, ठेव मोडली होती, कॉलेजात त्यांना पोरं ‘वरात’ म्हणू लागली होती, पण त्या संध्याकाळी त्यांना वाटलं, घेतली ते बरं केलं.

पुण्यतिथीच्या दिवशी पहाटे महानंदाबाईंनी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, शिजवली. अप्पांना ती फार आवडायची. पाऊस रात्रीच थांबला होता. देवणी गेली, होनाळवाडी आली, आणि गावात शिरायच्या आधीच सरांनी गाडी डावीकडं ओढ्याकडं वळवली. उजवीकडं वीरण्णाचा ऊस उभा होता, पार ओढ्याच्या काठापर्यंत. अम्मा तिकडंच बघत होती.

"शिवू, सरळ रस्त्यानं चल की. वीरण्णानं तिथं—"

"अम्मा, घट्ट धर," सर म्हणाले आणि छोटा दांडा ओढला.

गाडी ओढ्यात उतरली. चांगली उतरली. मध्यापर्यंत गेलीसुद्धा. मग मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, पुढची नुसती बघत राहिली, आणि जीप एका बाजूला कलून बसली. लिंबाजीराव म्हणाले होते तसं कुणीतरी हसत होतं खरं, पण ते गाडीचं हसणं नव्हतं, चिखलाचं होतं.

सरांनी ग्यानोबाला फोन लावला. लागला.

"साहेब, पुढच्या चाकाची कुलपं फिरवलाव का?"

"कसली कुलपं?"

"चाकाच्या मधोमध गोल खुंटी हाय बगा. आधी खाली उतरून ती हातानं फिरवायची, मग दांडा. त्याबिगर पुढची चाकं ओढत न्हाईत. सांगायलो व्हतो की नांदेडला. तुम्हीच म्हणलाव, माहितीय माहितीय."

सरांनी फोन ठेवला. पँट वर केली आणि उतरले. चाकं चिखलात अर्धी बुडालेली. एका बाजूला खांद्यापर्यंत हात घालून त्यांना ती खुंटी सापडली आणि फिरली. दुसऱ्या बाजूची सापडली पण फिरली नाही. वर येऊन त्यांनी गाडी मागं काढायचा प्रयत्न केला. रिव्हर्स पडला आणि भर ओढ्यात सनई वाजू लागली. गाडी जागची हलेना आणि सनई थांबेना. अम्मा हुग्गीचा डबा मांडीवर धरून बसली होती. या वेळी ती हसली नाही.

सनईच्या आवाजानं ऊस हलला आणि वीरण्णा बाहेर आला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात विळा. ओढ्यात कुणाची वरात आली ते बघायला आला असावा. त्यानं जीप बघितली, चिखलानं माखलेला भाऊ बघितला आणि आत अम्मा बघितली. विळा काठावर टाकून तो पाण्यात उतरला. सरांच्या अगदी जवळून गेला. दाराशी पाठ करून वाकला आणि म्हणाला, "अम्मा, बस."

स्टूल नाही, पाट नाही. अम्मा त्याच्या पाठीवर अशी बसली की जणू रोज बसत होती. महानंदाबाईंनी डबा आणि बेलाची पिशवी घेतली, नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि मागोमाग निघाल्या.

काठावर पोचल्यावर अम्मानं मान वळवली. "शिवू, तू बी ये की."

समोर अण्णाचं रान होतं. एक पाऊल उचलायचं होतं. सर म्हणाले, "गाडी सोडून कसं येऊ?"

चिखलात रुतलेली, कुणी चोरून नेतो म्हटलं तरी न हलणारी गाडी. ती सोडून कसं यायचं, म्हणे. वीरण्णा अम्माला घेऊन वळला. ऊस पुन्हा मिटला आणि तिघं दिसेनासे झाले. सर स्टिअरिंगपुढं बसून राहिले. थोड्या वेळानं पलीकडून अम्माचा आवाज आला, ती अप्पांचं नाव घेऊन रडत होती. तिचा हात धरायला थोरला होता. ज्यानं तिला आणलं तो ओढ्यात बसून होता. सरांना फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला, पण राग आला म्हणून माणूस जागचा उठतो असं नाही.

दुपार कलल्यावर अण्णाच्या गड्यानं ट्रॅक्टर आणला, साखळी लावली आणि जीप उलटी ओढून रस्त्यावर काढली. जाताना त्यानं एक डबा दिला. हुग्गी होती. सरांनी ठरवलं, खायची नाही. मग खाल्ली. बोटानं डबा पुसून सगळी खाल्ली.

महानंदाबाई एकट्याच परत आल्या. "अम्मा म्हणाल्या, आता हितंच ऱ्हाते. पाऊस सरल्यावर बघू."

"माझ्यावर रागावली का?"

"न्हाई. म्हणाल्या, शिवूनं बिचाऱ्यानं लई खटाटोप केला."

लातुरात परतल्यावर सरांनी एक काम केलं. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन जीपच्या दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली, बुटकी, अम्माच्या गुडघ्याच्या बेतानं. मागच्या सीटला जाड गादी शिवून घेतली. दसरा झाला की आणायची, असं रोज म्हणायचे. महानंदाबाई गावी फोन लावायच्या, अम्माशी बोलायच्या, आणि सर शेजारी वर्तमानपत्र धरून उभे राहायचे. वर्तमानपत्र पुष्कळदा उलटं असायचं.

दसरा झाला नाही. घटस्थापनेच्या आदल्या सकाळी सरांचाच फोन वाजला. पडद्यावर ‘अण्णा’ असं नाव आलं. तो नंबर काढून टाकायचा राहून गेला होता, असं सर नेहमी सांगत.

"शिवू," तिकडून आवाज आला. "अम्मा गेली. ये."

जीप निघाली. पायरीवर पाय ठेवून महानंदाबाई चढल्या आणि चढल्याबरोबर रडायला लागल्या. होनाळवाडीच्या अलीकडं त्यांचा हात सवयीनं डावीकडं वळला. ओढा दुथडी भरून चालला होता. चार चाकांनी सोडा, दहा चाकांनीही कुणी पलीकडं गेलं नसतं.

सरांनी गाडी रस्त्यावरच, अण्णाच्या रानाच्या तोंडाशी उभी केली. महानंदाबाई उतरून चालू लागल्या. त्यांनी कुठल्या विभूतीला हात लावला नव्हता. सर क्षणभर तिथंच उभे राहिले. मग चपला काढल्या आणि आत पाय ठेवला.

पाय रुतला नाही.

सरांनी खाली बघितलं. मुरूम होता. लाल, दाबून बसवलेला मुरूम, रस्त्यापासून थेट आतपर्यंत. दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये गाडी जाईल एवढी रुंद पट्टी मोकळी सोडलेली. ज्या मुलखात वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात, तिथं एवढं रान नांगराबाहेर ठेवलेलं. ती पट्टी सरांच्या बांधापर्यंत जाऊन समाधीपाशी थांबत होती. इथून कुठलीही गाडी गेली असती. स्कूटरही गेली असती. महानंदाबाई पुण्यतिथीला हे बघून आल्या होत्या आणि बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर सर हात धुवायला गेले असते.

अप्पांच्या शेजारी खड्डा तयार होता. अम्माला आत बसवायला दोन्ही लेक खाली उतरले. एक खांदा अण्णानं धरला, एक शिवकुमारनं. तिच्या पाठीमागं दोघांचे हात एकमेकांना लागले आणि कुणीच काढून घेतले नाहीत. स्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला, लोकांनी माती लोटली. शिवकुमार लहान मुलासारखा रडला. त्याला आईचं रडू येत होतंच, पण आपण ओढ्यात बसून राहिलो याचंही येत होतं, आणि त्याला आता काही इलाज नव्हता.

लोक हळूहळू पांगले. दोघे भाऊ समाधीपाशी बसले.

"हा रस्ता कधी केलास?" शिवकुमारनं विचारलं.

"आपल्या भांडणाच्या पुढच्याच साली. दर पावसाळ्यात मुरूम वाहून जातो. दर साली नवा टाकतो. अम्मानं सांगितलं न्हाई?"

"मी सांगू दिलं न्हाई." मग समाधीवरची माती हातानं सारखी करत, "अण्णा, तू एकदा बोलायचं व्हतंस."

"तू बोलत न्हवतास."

"तू बी न्हवतास."

"मी मुरूम टाकायलो व्हतो की," अण्णा म्हणाला.

माणसं उभी होती तेव्हा दिसलं नव्हतं, पण आता जागा रिकामी झाल्यावर शिवकुमारला दिसलं, की रस्ता जिथं संपतो तिथं मुरमाचं एक मोठं गोल खळ्यासारखं केलेलं आहे. त्यात गवताची काडी नव्हती. चाकाची खूणही नव्हती.

"हे गोल कशाला केलंस?"

"गाडी फिरवायला." वीरण्णानं हातातली माती झटकली आणि तिकडं बघत राहिला. "आत आलास तर जाताना उलटं जायाची पाळी नगं म्हून. तू कोंची गाडी घेशील ते ठाव न्हवतं शिवू, म्हून जागा मोठीच सोडली."